डाव्या टाचेचा खळगा

डाव्या टाचेचा खळगा जास्त खोल होता. उजव्या टाचेचाही होता, पण उथळ. डावा मात्र असा, की करंगळीचं पेर आडवं ठेवलं असतं तर त्यात बुडालं असतं. सकाळचं तिरपं ऊन मागच्या खोलीत जमिनीलगत सरकत आलं होतं, त्यामुळे दोन्ही खळग्यांच्या काठावर सावलीची बारीक रेघ उमटली होती. भर दुपारी ते दिसलेच नसते.

वहिनी दुधाची पिशवी हातात घेऊन तशीच उंबऱ्यात उभी राहिली. तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झालेली. रक्ताच्या थेंबात काय आहे हे सांगायच्या आधी काय नाही ते सांगायचं, ही तिची शिस्त. त्या शिस्तीनं तिनं मनाशी एकेक गोष्ट बाजूला काढली. ही मॅट वर्षभर कुणी वापरलेली नाही. फोम दाबला की दबतो, सोडला की फुगतो. म्हणजे हे खळगे जुने असूच शकत नाहीत.

मॅट तिच्या नवऱ्याची होती. आणि नवरा वर्षापूर्वी ह्याच मॅटवर गेला होता.

तिला वहिनी म्हणायची ती मुळात एकटी तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. पण नणंदेचा आवाज असा खणखणीत, की खालच्या मजल्यापर्यंत हाक जायची, आणि ऐकून ऐकून सगळी इमारतच तिला वहिनी म्हणू लागली. ती नणंदेला वन्सं म्हणायची. वन्संचा जन्म टेलिफोन ऑफिसात लोकांचे फोन जोडण्यात गेला. लग्न केलं नाही. भावाच्या घरी एक खोली आणि दारातली एक खुर्ची एवढाच त्यांचा संसार, पण त्या खुर्चीवरून सगळ्या घराचं राज्य चालायचं.

नवरा ड्राफ्ट्समन होता. पुलांचे आणि इमारतींचे आराखडे काढता काढता पाठ अशी आखडली की बुटाची नाडी बांधायला त्यांना जिन्याची पायरी लागायची. निवृत्तीनंतर दोघांनी वाचनालयाच्या हॉलमधला ज्येष्ठांचा योगवर्ग धरला. पहिल्या महिन्यात त्यांची बोटं गुडघ्याखाली उतरत नव्हती. पुढे पुढे मात्र ते एका पायावर उभे राहून मोजा चढवू लागले आणि कुणी पाहतंय ना, याची खात्री करून घेऊ लागले. वहिनीचा रक्तदाब उतरला, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. ती पहाटेपर्यंत सलग झोपायला लागली.

"दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हं," ती म्हणायची.

"नको करूस सिद्ध. जिना चढ," ते म्हणायचे, आणि पुढे निघायचे.

घरी रोज सकाळी मागच्या खोलीत दोन मॅट शेजारी शेजारी पसरायच्या आणि वन्सं दारात खुर्ची टाकून बसायच्या. दोघं वृक्षासनात एका पायावर उभी राहिली की वन्संचं सुरू व्हायचं. "झालात का झाडं? पाणी घालू?" भाऊ डोळे मिटूनच हसायचा आणि त्याचा तोल जायचा. "बघ, वारा नाही तरी पडलं झाड," हे वर.

त्या दिवशी सगळं रोजच्यासारखंच झालं होतं. शेवटी शवासन. वहिनी आधी उठली. ते तसेच पडलेले, चेहरा इतका निवांत, की तिला उठवायचं जिवावर आलं. तिनं पायथ्याची शाल त्यांच्या अंगावर घातली, हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकला. तेव्हा ती खुशीत होती, हे तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं. चहा गार झाला तेव्हा तिनं हाक मारली.

डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, झोपेत, वेदना नाही. योगानं त्यांना काही चांगली वर्षं दिली असतील, किंवा नसतीलही. एका माणसावरून ते सांगता येत नाही. हे वहिनीचंच वाक्य होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना थंडगार लागलं. वन्सं कोरड्या डोळ्यांनी भावाकडे पाहत एवढंच म्हणाल्या, "रोज तालीम केली, शेवटी प्रयोग लावलाच." मग आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून त्या घरात योगाचं नाव कुणी काढलं नाही.

वहिनीची मॅट गुंडाळून दारामागे उभी राहिली. नवऱ्याची मात्र गुंडाळली गेली नाही. वहिनी दोनदा वाकली होती, कडेला हात घातला होता, आणि हात तिथंच थांबला होता. त्यामुळे निळी मॅट पसरलेलीच राहिली, डोक्याच्या बाजूला शाल घडी घालून. त्या खोलीत केर काढताना ती मॅटला वळसा घालून जायची, जसं झोपलेल्या माणसाला घालावा.

वर्षभरात शरीरानं आपला हिशेब दाखवलाच. गोळी पुन्हा पूर्ण झाली. जिन्यात कठडा धरावा लागू लागला. मोजे आता पलंगावर बसून.

त्यात वन्सं पडल्या. वहिनी औषधं आणायला गेली होती. परत आली तर वन्सं न्हाणीघराच्या दारात पालथ्या, गाल फरशीला टेकलेला. "आलीस? मी म्हटलं आता मुंग्याच नेतात मला ओढून," त्या म्हणाल्या, पण ओठ निळसर पडले होते. वहिनीला त्यांना उचलता आलं नाही. खालच्या मजल्यावरचा सुतार आणि त्याची बायको वर आली तेव्हा कुठे त्या पलंगावर पोचल्या.

"हाडं शाबूत आहेत," डॉक्टरांनी सांगितलं. "पण जमिनीवरून एकट्यानं उठता येत नाही, हे हाड मोडण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी घरी कुणी नसलं तर?"

तेव्हापासून वन्संच्या पुढ्यात वॉकर आला. चपलासुद्धा वहिनीच त्यांच्या पायांत सरकवायची. आणि तेव्हापासूनच मुलाचे फोन वाढले. मुलगा दूरच्या शहरात होता. वाईट नव्हता, उलट विचारी होता, आणि विचारी माणसाशी वाद घालणं फार कठीण.

"आई, तू माझ्याकडे ये. आत्यासाठी मी जागा बघितली आहे. चोवीस तास नर्स, पलंगाशी घंटा. वाजवली की माणूस हजर. तिथं ती सुरक्षित राहील."

"बघू."

"बघू काय? तिला उचलताना तूच पडलीस तर तुम्हा दोघींना कोण उचलणार?"

"सांगते तुला," ती म्हणायची. हे सांगते-सांगते पुढे ढकलत थंडी सरली. वन्संना ती काही बोलली नव्हती. मुलाचा फोन आला की दार ओढून घ्यायची. खरं सांगायचं तर तिलाही त्या घरातून निघायचं होतं. त्या मॅटला वळसा घालून घालून ती दमली होती.

आणि अशात हे खळगे.

तिनं आधी तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. स्वतःची मॅट उलगडली नाही, नुसती एक कड जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर टाचांनी बराच वेळ उभी राहिली. तिच्या टाचांचेही खळगे पडले. जेवणं आटपेपर्यंत ते बुजले. निळ्या मॅटवरचेही बुजले. फोम दोन्हीकडचा सारखाच, सरळ आणि प्रामाणिक. तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन आली तर निळ्या मॅटवर खळगे होते. ताजे. डावा खोल.

तो डावा खोल नसता तर तिनं काहीतरी कारण शोधून काढलं असतं. पण नवऱ्याची टाच ती ओळखत होती. डाव्या बाजूला भार टाकून उभं राहायची त्यांची जन्माची सवय; योगशिक्षिका थकली सांगून सांगून, "काका, उजवा पायही तुमचाच आहे." ती गुडघा धरत वाकली आणि शालीला हात लावला. शाल कोमट होती. ऊन असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ऊन अजून त्या कोपऱ्यापर्यंत आलेलं नव्हतं.

मग एके दिवशी श्वास ऐकू आला. तिनं कुलपात किल्ली घातली होती आणि बंद दाराआडून आला तो लांब, संथ उच्छ्वास, आणि शेवटाला नाकातली ती बारीक शीळ. संसारभर उशीशेजारी ऐकलेली शीळ. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. किल्ली फिरायला तयार नव्हती. फिरली तेव्हा घरात चिडीचूप होती. मागची खोली रिकामी. वन्सं आपल्या खोलीत खुर्चीवर, पुढ्यात वॉकर, गाल जरा लालसर.

"काय गं? भूत बघितल्यासारखी उभी आहेस."

"वन्सं, मागच्या खोलीत कुणी होतं का?"

"कोण असणार? मी इथं खुर्चीला खिळलेली." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "दूध नासेल. तापव आधी."

भुताखेतांवर वहिनीचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसला म्हणून वागणं बदलत नाही असं थोडंच आहे? ती सकाळी अगदी ठरल्या वेळी बाहेर पडू लागली. दूध घेऊन झालं तरी लगेच परतायची नाही, बागेच्या बाकावर बसून राहायची. खोली त्यांना मोकळी मिळावी म्हणून. परत येताना जिन्यात मुद्दाम पाय वाजवायची. नवऱ्याच्या खोलीत न सांगता शिरू नये, एवढंच त्यामागे होतं. वन्संही तिला रोज बाहेर पिटाळायच्या, "जा, फिरून ये जरा. चेहरा बघ, शिळ्या पावासारखा झालाय." त्यात काही वावगं आहे असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

भीती वाटत होती, आणि भीतीहून वाईट गोष्ट अशी, की सवय होत होती. मी गेले तर ह्या मॅटवर उभं राहायला ते कुणाच्या घरी येतील? असा विचार आपल्या मनात आला, हे पाहून ती एकदा बाकावर बसल्या बसल्या स्वतःवरच चरकली.

"आई, आता शेवटचं," मुलगा म्हणाला. "ती जागा ते दुसऱ्यांना देतायत. उद्या सकाळी फोन करतो. हो की नाही, एवढंच सांग. आणि आत्याला तू सांगणार नसशील तर मी सांगतो."

"नको. मी सांगते."

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याचं दुकान बंद होतं. शटरवर कागद लावलेला, आज उघडणार नाही. बागेत जायला तिचं मन घेईना. फोन यायचा होता. ती तशीच माघारी फिरली, आणि डोक्यात फोनचाच घोळ असल्यामुळे जिन्यात पाय वाजवायचे विसरली.

दार उघडलं. घर शांत होतं. वन्संची खुर्ची रिकामी होती. वॉकर मागच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला.

निळ्या मॅटवर कुणीतरी उताणं निजलं होतं. हनुवटीपर्यंत शाल. तेच कपाळ, तेच नाक, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. चेहरा तसाच निवांत. वहिनी चौकटीला धरून उभी राहिली. शाल हलतेय का ते ती पाहू लागली. तेव्हा तिनं पाहिलं नव्हतं. तेव्हा ती चहा टाकायला गेली होती. शाल हलत नव्हती. निदान तिला तसं दिसत नव्हतं.

"वन्सं!"

ती कशीबशी खाली बसली, गुडघा कडकन वाजला, आणि तिनं बोटं त्या नाकाखाली धरली.

"हात काढ," मिटल्या डोळ्यांनी वन्सं म्हणाल्या. "नाकापुढे हात धरल्यावर माणसानं श्वास घ्यायचा कसा?"

वहिनी मागच्या मागे फरशीवर बसली.

"तुम्ही होतात?"

"मग कोण? तुझा नवरा?"

"हो," वहिनी म्हणाली. "मला तेच वाटलं होतं."

वन्संनी डोळे उघडले. ओठांवर आलेली पुढची थट्टा त्यांनी गिळली, हे स्पष्ट दिसलं.

"इतके दिवस?"

"डावी टाच," वहिनी म्हणाली. "आणि ती शीळ."

"अगं, ती टाच आमच्या बाबांची. त्यांच्या चपला डावीकडूनच झिजायच्या. ह्याच्याही, आणि माझ्याही. रोज माझ्या पायात चपला तूच सरकवतेस, आणि तळ बघितला नाहीस कधी?" त्या जराशा हसल्या. "नाकाचं हाडही बाबांचंच. वाटणीत दागिने आले नाहीत, हे आलं."

वहिनीनं कपाळाला हात लावला. मॅटवर मॅट ताडून पाहिली, फोम तपासला. चपला तेवढ्या राहिल्या.

"पण तुम्हाला येतं कसं हे सगळं?"

"वर्षानुवर्षं दारात बसून हसले ना तुम्हाला? नीट हसायचं तर नीट बघावं लागतं." वन्संनी छताकडे पाहिलं. "आधी पलंगावरच सुरू केलं. श्वास, मग पाय उचलणं. मग खुर्चीला धरून उभं राहणं. मग म्हटलं आता खाली. तुझी मॅट गुंडाळलेली, ती उलगडायला वाकवेना. ही पसरलेलीच होती. पहिल्या दिवशी खाली बसले ती अडकलेच. खिडकीच्या गजाला लोंबकळत उठले, घामाघूम. तू दार उघडलंस तेव्हा खुर्चीत नुकतीच पडले होते."

"आणि पुन्हा पडला असतात तर?"

"पडायला आता जागा कुठे उरते? आधीच खाली आलेली असते मी." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तुझ्या मुलाचे फोन मला ऐकू येतात, वहिनी. जन्मभर लोकांचं बोलणं कानावरून गेलं, एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही. तुमचंही काढलं नसतं. पण मला कळत होतं, तू माझ्या पायी अडकलीस. म्हटलं, एकटीनं उठता आलं की तुझा पाय मोकळा. तू खुशाल जा पोराकडे. मी त्या घंटेच्या घरी जाईन. पण घंटा न वाजवता उठेन."

"उठा बघू," वहिनी म्हणाली. तिला स्वतःलाच कळलं नाही ती हे का म्हणाली.

वन्सं कुशीवर वळल्या. थांबल्या. तळहात जमिनीवर रोवला, एक गुडघा पोटाशी घेतला, मग दुसरा. एक पाऊल पुढे ठेवलं, त्याच मांडीवर हाताचा भार दिला. वहिनी धरायला सरकली तशी त्यांनी नुसत्या नजरेनं तिला थांबवलं. क्षणभर सगळं अंग लटपटलं. मग त्या उभ्या होत्या. मॅटच्या मध्यावर, हात सैल, डोळे मिटलेले, भार थोडा डावीकडे. त्यांच्या टाचेखाली फोम हळूहळू दबत गेला आणि तो खळगा वहिनीच्या डोळ्यांसमोर तयार झाला. श्वास सुटला, शेवटाला बारीक शीळ.

आता तिला सगळं ठाऊक होतं, तरीही तिच्या अंगावर पुन्हा काटा आला.

"एक विचारू?" वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या. "सकाळी हिच्यावर तू येऊन पडतेस का?"

"नाही. मी शिवतसुद्धा नाही."

"पहिल्या दिवशी टेकले तेव्हा ऊबदार होती. आताच कुणीतरी उठून गेल्यासारखी. ऊन आलेलं नव्हतं. असू दे. बरं वाटलं तेव्हा."

वहिनी उठली, दारामागची मॅट आणली आणि निळ्या मॅटशेजारी उलगडली. वर्षभर गुंडाळलेल्या मॅटची दोन्ही टोकं वर वळत होती. एकावर तिनं पाय ठेवला, दुसरं वन्संनी वॉकरनं दाबलं.

"पड," वन्सं म्हणाल्या.

"शवासन नको."

"तेच. बाकीचं उद्या."

ती पडली. फरशीचा गारवा फोममधून पाठीला लागला. वर छत होतं, नवऱ्याच्या शेवटच्या नजरेतलं. छातीत धडधड इतकी, की शाल असती तर हललेली सगळ्यांना दिसली असती.

"डोळे मीट."

"नाही मिटवत."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वन्सं दारात नाही, तिच्या उशाशी बसल्या.

"मीट. मी जागी आहे. मी बघतेय."

वहिनीनं डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं, नुसता अंधार आणि धडधड. मग बोटं सैल पडली, मग जबडा. उशाशी संथ श्वास चालू होता. काही वेळानं तिला वाटलं, डावीकडून, जिथं रिकामी मॅट होती तिथूनही तो येतोय. तिनं डोळे उघडले नाहीत. तिला उघडावेसे वाटले नाहीत.

फोन वाजू लागला.

"वाजू दे," वन्सं म्हणाल्या. "तो थांबेल. चिकाटी आमच्याच घराण्याची आहे."

फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला. वहिनी सावकाश कुशीवर वळली, तळहात रोवला, गुडघा पोटाशी घेतला. वन्संनी हात पुढे केला नाही. फक्त पाहत राहिल्या. उभी राहिल्यावर तिला जराशी घेरी आली आणि गेली. एक दिवस दोघींपैकी एक उठणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. कोण आधी, ते कुठल्याच तपासणीत कळणार नव्हतं. पण त्या दिवशी दुसरी इथं असेल, आणि ती शाल हलतेय का ते पाहील.

तिनं फोन घेतला. या वेळी दार ओढलं नाही.

"आई! होतीस कुठे इतका वेळ?"

"जमिनीवर."

"काय? पडलीस?"

"नाही रे. आपण होऊन गेले होते. उठलेही आपणच."

"मग? काय ठरलं? ते लोक थांबलेत."

मागच्या खोलीत दोन मॅट शेजारी शेजारी होत्या. ऊन आता त्यांच्यावर आलं होतं आणि खळगे हळूहळू भरून येत होते. वन्सं खुर्चीवर, मान दुसरीकडे वळवून बसल्या होत्या, ऐकत नसल्यासारख्या.

"ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ दे त्यांना," वहिनी म्हणाली, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात. "मी येणार नाही, आणि आत्याही जाणार नाही. आम्ही दोघी इथंच राहणार आहोत."